दगडात मुरलेला पाऊस

वर्षाचे दिवस ३६५, हे काही अनादि काळापासून ठरलेलं नाही. प्रवाळांच्या अंगावर रोजच्या वाढीची एकेक बारीक रेघ उमटते. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरच्या या रेघा अमेरिकेतल्या जॉन वेल्स यांनी मोजल्या आणि १९६३मध्ये जाहीर केलं, की तेव्हा वर्षाचे दिवस ४००च्या आसपास होते. म्हणजे दिवस जेमतेम २२ तासांचा!

आजची भरीव, गोलसर प्रवाळं वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. काप काढून एक्स-रे घेतला की आलटूनपालटून गडद-फिके पट्टे दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष, ही खात्री पटली ती पॅसिफिकमधल्या एनेवेटाक बेटांवर. अमेरिकेच्या अणुचाचण्यांचा किरणोत्सार तिथल्या प्रवाळांत बसला होता आणि चाचण्यांच्या तारखा तर माहीतच होत्या. १९७२मध्ये पट्टे मोजले, हिशेब जुळला. पाणी गार असेल तर सांगाड्यात स्ट्रॉन्शियम जास्त, कोमट असेल तर कमी. झालं, जुन्या समुद्राचं तापमान हाती आलं.

गुहेत छतातून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने थरावर थर साचून बनलेला लवणस्तंभ याहून संथ. वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा वाढला तरी खूप. त्याचं वय काढायची युक्ती मला फार आवडते. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळपास नाहीच. म्हणून ताज्या थरात थोरियम नसतं. पुढे युरेनियमपासून ते जसं तयार होत जातं, तसं थराचं वय कळतं.

छत्तीसगडमधल्या कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेत इ.स. ६०० ते १५००पर्यंतचा पाऊस असा वाचता आला. पावसाळा दमदार असला की थरात जड ऑक्सिजन कमी उतरतो. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून मात्र पावसाने पुन:पुन्हा ओढ दिलेली दिसते. दख्खन ओस पाडणारा दुर्गादेवीचा दुष्काळ (१३९६ ते १४०७) याच काळातला! असे स्तंभ व्हायला चुनखडी लागते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात ती कुठून असणार? आपल्या दुष्काळाची साक्ष शेजारच्या गुहेने दिली.

आणि मेघालयातली, चेरापुंजीजवळची मॉम्लुह गुहा! सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पाऊस घटल्याची खूण तिथल्या स्तंभात सापडली. तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला २०१८मध्ये अधिकृत नाव मिळालं, मेघालयन.

कांगेर खोऱ्यातली कुटुमसर गुहा पाहायला जाल, तेव्हा स्तंभांना हात लावू नका. आठवण म्हणून मोडलेला बोटभर तुकडा काही शतकांचा पाऊस घेऊन जातो.