गळाचा चारा

पालघर-बोईसरकडची गळवाली मंडळी तळ्यावर दोन-तीन रात्री मुक्कामाला निघाली, की पहिला प्रश्न चाऱ्याचा. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तेव्हा आधी मासा ठरवावा, मग चारा. या माशांना जठर नसते. ते थोडेथोडे, पण सारखे खातात. म्हणून मी कणीक आणि शेंगदाण्याची पेंड कोरडीच नेतो, लागेल तेवढी भिजवतो. भिजवलेली पेंड उकाड्यात रात्रीत आंबते. चारा जास्त टाकला, तर पोट भरलेला मासा गळाकडे फिरकत नाही. उरलेला चारा कुजून पाण्यातला प्राणवायू संपवतो. पहाटे तो आधीच सर्वांत कमी असतो. वलगणीच्या दिवसांत मात्र गळ घरीच ठेवावा. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या मादीच्या पोटात पुढच्या वर्षीचे मासे असतात.