अँड्र्यू ग्रोव्ह : निर्वासित विद्यार्थी ते ‘इंटेल’चे मुख्य कार्यकारी अधिकारी

प्रास्ताविक

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील स्थलांतरित मुख्याधिकाऱ्यांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, ते बहुतांशी यशोगाथेच्या अंगाने होते. हलाखीचे बालपण, जिद्द, परदेशगमन आणि अखेर सर्वोच्च खुर्ची असा त्याचा ठरलेला क्रम असतो. अशा लेखनात व्यक्ती ठळकपणे दिसते. परंतु तिला घडविणाऱ्या संस्था आणि तिची कार्यपद्धती या दोन्ही गोष्टी झाकोळल्या जातात. प्रस्तुत लेखात अँड्र्यू ग्रोव्ह (१९३६-२०१६) यांच्या कारकिर्दीचा या दोन अंगांनी विचार केला आहे. ग्रोव्ह हे उद्योगात येण्यापूर्वी संशोधक होते आणि उद्योगात असतानाही त्यांनी अध्यापन सोडले नाही. त्यांच्या आयुष्यातील सर्वात अवघड निर्णय आणि सर्वात गाजलेली चूक या दोहोंचा उलगडा प्रयोगशाळेतील शिस्तीच्या आधारे अधिक चांगला होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बुडापेस्ट ते न्यूयॉर्क

ग्रोव्ह यांचे मूळ नाव आंद्राश ग्रोफ. २ सप्टेंबर १९३६ रोजी बुडापेस्ट येथील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणी झालेल्या लोहितांग ज्वरामुळे त्यांची श्रवणशक्ती अधू झाली. वडिलांना सक्तीच्या मजूर तुकडीत पूर्व आघाडीवर धाडण्यात आले. मार्च १९४४ मध्ये जर्मनीने हंगेरीचा ताबा घेतल्यावर अवघ्या काही महिन्यांत चार लाखांहून अधिक ज्यू नागरिकांची मृत्युछावण्यांकडे रवानगी झाली. आंद्राश आणि त्याची आई खोट्या नावांनी परिचितांच्या आश्रयाने राहिल्यामुळे वाचले. वडीलही पुढे परतले. युद्धानंतर देशात साम्यवादी राजवट आली. १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा सुमारे दोन लाख हंगेरियन नागरिकांनी देश सोडला. रसायनशास्त्र शिकणारा वीस वर्षांचा आंद्राश त्यांपैकी एक होता. सीमा ओलांडून तो ऑस्ट्रियात पोहोचला आणि जानेवारी १९५७ मध्ये एका जुन्या लष्करी वाहतूक जहाजाने न्यूयॉर्कला उतरला.

येथवरची कथा अनेकांना ठाऊक असते. यापुढचा भाग मात्र चरित्रकथांमध्ये चार ओळींत उरकला जातो, आणि अध्यापकांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. ग्रोव्ह यांनी प्रवेश घेतला तो न्यूयॉर्क सिटी कॉलेजमध्ये. १८४७ साली ‘फ्री अकॅडमी’ या नावाने स्थापन झालेले हे महाविद्यालय नगरवासीयांच्या करांतून चालत असे आणि तेथे शिकवणी शुल्क नव्हते. श्रमिक आणि नवागत कुटुंबांतील मुलांसाठीच ते काढलेले होते. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या ‘इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी’ या संस्थेचेही त्यांना साहाय्य झाले. भाषा नवी, ऐकू कमी येणारे, त्यामुळे बोलणाऱ्याच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ताडायचे, अशा अवस्थेत त्यांनी १९६० मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी उच्च श्रेणीत संपादन केली. १९६३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्रातून त्यांनी द्रवगतिशास्त्रातील विषयावर पीएच.डी. मिळविली. त्यांचे मार्गदर्शक अँड्रियास अॅक्रिव्होस हेदेखील ग्रीसहून आलेले स्थलांतरित. शुल्क नसलेले महाविद्यालय आणि त्यानंतर एक राज्य विद्यापीठ, अशा दोन सार्वजनिक संस्थांनी हे शिक्षण घडविले.

सिलिकॉनवरील थर

१९६३ मध्ये ग्रोव्ह ‘फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर’ या कंपनीच्या संशोधन विभागात गॉर्डन मूर यांच्या हाताखाली रुजू झाले. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर वाढविलेल्या ऑक्साइडच्या थराचा वापर करून बनविलेले ट्रान्झिस्टर त्या काळी अत्यंत बेभरवशाचे होते. आज मोजलेला गुणधर्म काही काळाने बदललेला आढळे. ब्रूस डील, एडवर्ड स्नो आणि ग्रोव्ह यांच्या कामातून असे स्पष्ट झाले की, या अस्थिरतेचे मुख्य कारण ऑक्साइडमध्ये शिरलेल्या सोडियमच्या अत्यल्प अंशात आहे. त्याच सुमारास, १९६५ मध्ये, डील व ग्रोव्ह यांनी ऑक्साइडचा थर वाढण्याचा नियम मांडला. आरंभी थराची जाडी काळाच्या प्रमाणात वाढते. परंतु थर जाड होत गेला की, ऑक्सिजनला त्यातूनच झिरपत खाली सिलिकॉनपर्यंत जावे लागते, म्हणून वाढ मंदावते आणि जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढू लागते. ‘डील-ग्रोव्ह प्रतिमान’ या नावाने हा नियम आजही अर्धवाहक तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. १९६७ मध्ये ग्रोव्ह यांनी याच विषयावर पाठ्यपुस्तकही लिहिले. मुख्याधिकारी म्हणून त्यांची ख्याती नसती, तरी या विषयातील त्यांचे नाव टिकले असते.

स्मृती-चिपचा त्याग

जुलै १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी ‘इंटेल’ची स्थापना केली आणि ग्रोव्ह लगेचच तेथे दाखल झाले. ते १९७९ मध्ये अध्यक्ष व १९८७ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. आरंभीच्या काळात इंटेल म्हणजे संगणकाची स्मृती-चिप बनविणारी कंपनी, अशीच तिची ओळख होती. १९७१ चा मायक्रोप्रोसेसर हे तिचे दुय्यम अपत्य. परंतु १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानी कंपन्यांनी गुणवत्ता व किंमत या दोन्ही बाबतींत स्मृती-चिपच्या बाजारात इंटेलला मागे टाकले.

१९८५ च्या मध्यास ग्रोव्ह यांनी मूर यांना विचारलेला प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत वारंवार सांगितला जातो. आपल्याला हटवून संचालक मंडळाने नवा माणूस आणला तर तो काय करील? मूर यांचे उत्तर होते की, तो स्मृती-चिपचा व्यवसाय सोडून देईल. मग आपणच बाहेर जाऊन, पुन्हा आत येऊन ते का करू नये, असे ग्रोव्ह यांनी सुचविले.

हा प्रसंग नाट्यमय आहे, म्हणूनच तो थोडा फसवाही आहे. ग्रोव्ह यांच्यासमवेत स्टॅनफर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात अनेक वर्षे अध्यापन करणारे प्राध्यापक रॉबर्ट बर्गेलमन यांच्या अभ्यासातून वेगळे चित्र पुढे येते. इंटेलमध्ये असा दंडक होता की, कारखान्याची क्षमता उत्पादनांमध्ये वाटताना सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीमागे कोणते उत्पादन किती नफा देते ते पाहावे. स्मृती-चिपवरील नफा घसरत गेला, तसतसे मधल्या फळीतील अधिकारी महिन्यामागून महिने चकत्या मायक्रोप्रोसेसरकडे वळवीत गेले. १९८४ पर्यंत कंपनीच्या उत्पन्नात मुख्य स्मृती-चिपचा वाटा सुमारे ५ टक्क्यांवर आला होता. वरिष्ठ मात्र अजूनही कंपनीची ओळख म्हणून तिलाच कवटाळून बसले होते. म्हणजे कारखान्यातील आकड्यांनी निर्णय आधीच घेतला होता; ग्रोव्ह यांनी तो वाचला. यात त्यांचे श्रेय कमी होते असे नाही. आपल्याच हाताने उभारलेल्या व्यवसायाविषयीचे प्रतिकूल मोजमाप मान्य करणे, हे संशोधकाला सवयीचे असले तरी संस्थाचालकाला क्वचितच जमते. (आपल्या शिक्षणसंस्थांतही एखादा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांनी केव्हाच सोडलेला असतो, विभाग मात्र नावापुरता चालू राहतो.)

या निर्णयाची किंमत कर्मचाऱ्यांनी मोजली. कारखाने बंद झाले, सुमारे एक तृतीयांश नोकऱ्या गेल्या आणि १९८६ मध्ये कंपनीला १७ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. ग्रोव्ह यांची शिस्त कठोर होती. सकाळी आठनंतर येणाऱ्यांनी नोंदवहीत सही करायची, असा त्यांचा नियम होता. १९८१ च्या मंदीत कर्मचाऱ्यांनी रोज दोन तास अधिक, तेही विनावेतन, काम करावे असे ठरविण्यात आले. चरित्रकार याचे कौतुक करतात. प्रस्तुत लेखकाला ते करवत नाही. तथापि, बैठकीत कनिष्ठाने वरिष्ठाचे म्हणणे पुराव्यानिशी खोडावे, हा आग्रहही त्याच शिस्तीचा भाग होता, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

पुढील दशकात वैयक्तिक संगणकाच्या प्रसाराबरोबर इंटेलची वार्षिक विक्री १९८७ मधील सुमारे १९० कोटी डॉलरवरून १९९८ पर्यंत २,६०० कोटी डॉलरपलीकडे गेली.

एका गणिताच्या प्राध्यापकाचे पत्र

१९९४ मध्ये मात्र ग्रोव्ह यांचे मोजमाप चुकले. व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेज या छोट्या महाविद्यालयात गणित शिकविणारे थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या (उदा. ११ व १३) व्यस्तांकांची बेरीज संगणकावर करीत होते. उत्तरांत तफावत आढळली. एकेक शक्यता तपासून बाद करीत काही महिन्यांनी ते अशा निष्कर्षाला आले की, दोष आज्ञावलीत नसून नव्या पेंटियम चिपच्या भागाकारातच आहे. (या चिपच्या निर्मितीचे नेतृत्व मूळचे पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांच्याकडे होते.) भागाकारासाठी चिपमध्ये भरलेल्या एका सारणीतील पाच नोंदी गळल्या होत्या. ३० ऑक्टोबर १९९४ रोजी नाइसली यांनी काही सहकाऱ्यांना ई-पत्राने हे कळविले आणि बातमी पसरली.

इंटेलला या दोषाची कल्पना आधीच होती. सामान्य वापरकर्त्याला अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा आढळेल, असा हिशेब कंपनीने मांडला आणि गरज सिद्ध करणाऱ्यालाच चिप बदलून देऊ केली. हा हिशेब संख्याशास्त्राच्या दृष्टीने निराधार नव्हता. परंतु १९९१ पासून ‘इंटेल इनसाइड’ या जाहिरातमोहिमेने ज्याच्या मनात चिपचे नाव रुजविले, तो ग्राहक आता प्रश्न विचारीत होता. आणि त्याला नको होते ते त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेले गणित. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियम संगणकांचा पुरवठा थांबविला. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले; त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद करावी लागली. ‘ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह’ (१९९६) या पुस्तकात ग्रोव्ह यांनी या प्रकरणाची चर्चा स्वतःला न वगळता केली आहे: बदल बाहेर सर्वांना दिसत होता आणि तो उमगायला सर्वात उशीर झाला तो शिखरावरच्या माणसाला.

उत्तरार्ध

१९९८ मध्ये ग्रोव्ह मुख्य कार्यकारी अधिकारीपदावरून निवृत्त झाले. संचालक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी २००५ पर्यंत सांभाळले. त्यांच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांना अडचणीची वाटते. २०१० मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी मुक्त बाजारावरील अतिविश्वासावर टीका केली. नवे उद्योग अमेरिकेत जन्मतात, पण त्यांचे मोठे कारखाने आशियात उभे राहतात. त्यामुळे रोजगार तर जातोच, शिवाय पुढील शोधासाठी लागणारे हातचे ज्ञानही जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

२००५ मध्ये त्यांनी सिटी कॉलेजला २ कोटी ६० लाख डॉलरची देणगी दिली आणि तेथील अभियांत्रिकी विद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या निःशुल्क व्यवस्थेत ते स्वतः शिकले, ती मात्र न्यूयॉर्क नगराच्या आर्थिक अरिष्टात १९७६ मध्येच बंद झाली होती.