विमानाच्या इंजिनावरील झाकणाची बिजागरी : झीज, दुरुस्ती आणि दक्षता

ग्वाल्हेरचे नाव हवाई वाहतुकीच्या नकाशावर बरेच आधीपासून आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कराचीहून कलकत्त्याकडे जाणारी, पाण्यावर उतरणारी मोठी विमाने ग्वाल्हेर संस्थानातील माधोसागर जलाशयावर थांबत असत. पुढे महाराजपूर येथे विमानतळ झाला आणि १९८५ मध्ये वायुसेनेची मिराज विमाने तेथे दाखल झाली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या आजोळच्या गच्चीवरून ती पाहण्यात प्रस्तुत लेखकाच्या उन्हाळ्याच्या कितीतरी सुट्ट्या गेल्या. या मोठ्या विमानांविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे मात्र दोन किंवा चार आसनांच्या हलक्या विमानाचा, आणि त्यातही त्याच्या एका किरकोळ वाटणाऱ्या भागाचा विचार करावयाचा आहे.

हलक्या विमानांशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. जुहू येथे १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात कोल्हापूरकडील डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान घडले व १९५१ मध्ये ते प्रथम आकाशात झेपावले. १९५८ मध्ये ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान आले आणि देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत विद्यार्थी त्यावर शिकले. आज धुळे, बारामती, गोंदिया, शिरपूर या ठिकाणी वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. शेतात काम करणाऱ्यांना डोक्यावर घिरट्या घालणारे लहान विमान तेथे नित्य दिसते.

या विमानाच्या नाकावर इंजिन असते व त्याभोवती पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण असते. त्याला काउलिंग म्हणतात. ते केवळ शोभेसाठी नसते. समोरून शिरणारी हवा इंजिनाच्या नळकांड्यांवरूनच जावी व ती थंड राहावीत, अशी त्याची रचना असते. ग्वाल्हेरला किंवा धुळ्याला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आवरणाची एक फट रुंदावणेदेखील इंजिनाला मानवत नाही. काही विमानांत या आवरणाच्या बाजू दाराप्रमाणे उघडतात, तर काहींत तेल पाहण्यापुरते लहान झाकण उघडते. या झाकणांना बहुधा लांब पट्टीची बिजागरी असते. सुतार तिला पियानो बिजागरी म्हणतात. जुन्या लोखंडी ट्रंकेचे झाकण आठवावे : दोन पट्ट्यांच्या नळ्या एकमेकींत बसवलेल्या आणि त्या सर्वांतून एक तार ओवलेली.

ट्रंक दिवसातून एकदा उघडते. विमानाची बिजागरी मात्र झाकण बंद असतानाच अधिक झिजते. चार नळकांड्यांचे इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८० स्फोट होतात, म्हणजे तासाला २,८८,००० हादरे. प्रत्येक हादऱ्याबरोबर पोलादी तार मऊ ॲल्युमिनियमच्या नळीत किंचित घासते. गोल भोक हळूहळू लंबगोल होते, मग झाकण खडखडू लागते, नळीच्या कडेला बारीक चीर जाते आणि एखादे दिवशी तार सरकून बाहेर डोकावते. ती पुढच्या बाजूस निघाली तर पंख्याला लागण्याचे भय असते. उड्डाणात झाकण उघडले तरी बहुतेक वेळा विमान उडत राहते. पण फडफडणाऱ्या पत्र्याकडे पाहता पाहता शिकाऊ वैमानिकाचे विमानाच्या वेगाकडे दुर्लक्ष होते, आणि खरा धोका तेथे असतो. अशा वेळी प्रथम विमान सांभाळावे, झाकणाचे नंतर पाहावे, असे शिक्षक बजावतात.

झीज आधी कळते. नळ्यांच्या सांध्यातून काळी भुकटी निघते व तेलात मिसळून पत्र्यावर काळा ओघळ उमटतो. ही घासलेल्या ॲल्युमिनियमचीच राख होय. म्हणून तपासणी आधी करावी आणि विमान नंतर धुवावे. आमच्याकडे पाहुण्यांच्या भेटीपूर्वी सर्व काही चकचकीत करण्याची प्रथा आहे. तिच्यापायी हा पुरावा वाहून जातो. झाकण हाताने वर-खाली हलवून पाहिल्यासही ढिलेपणा जाणवतो.

आजोळच्या ट्रंकेची तार तुटली तेव्हा मामांनी सायकलचा आरा कापून ओवला होता व तो अनेक वर्षे टिकला. विमानाच्या बाबतीत हे का चालू नये, असे एका तंत्रज्ञास विचारले असता ते हसले. झिजते ती तार नव्हे, नळी झिजते, असे त्यांनी समजावले. लंबगोल झालेल्या भोकात नवी तार घातली तरी खेळ तसाच राहतो, आणि जाड तार ठोकून बसवली तर नळीची भिंत फाटते. शिवाय विमानात कोणता भाग, कोणत्या धातूचा व कोणत्या मापाचा वापरावा हे निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत ठरलेले असते. त्यात बदल करण्याची मुभा हौशी हातांना नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे बिजागरी बदलणे. जुने रिव्हेट त्यांच्याच मापाच्या गिरमिटाने काढावे लागतात. हात वाकडा गेला तर पत्र्याचे भोक मोठे होते आणि काम वाढते. पत्र्याला चीर असल्यास तीही दुरुस्त करावी लागते. नवी पट्टी बसल्यावर तार हाताने सरळ सरकली पाहिजे. हातोडी लागत असेल, तर बिजागरी एका रेषेत नाही असे समजावे. शेवटी तारेचे टोक सुटणार नाही असे बंदिस्त करतात.

येथे अनेकांची चूक होते. इंजिन रबरी गाद्यांवर टेकलेले असते. त्या दबल्या की इंजिन खाली झुकते, आवरणाला ओढ बसते आणि सगळा ताण बिजागरीवर येतो. गाद्या न पाहता नुसती बिजागरी बदलली, तर काही महिन्यांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते. खटके सोडल्यावरही झाकण आपल्या जागी नीट बसते की उसळते, हे म्हणूनच पाहावे.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. उघडे झाकण वाऱ्यात लोंबकळत ठेवू नये व एका कोपऱ्याने ओढू नये. घट्ट तेल भरमसाट घालू नये. चंबळकडील आंधीची वा खानदेशातील बारीक धूळ त्यात बसली की कानशीच तयार होते. कुलपात पेन्सिलीचे शिसे घालण्याची घरगुती युक्तीही येथे नको, कारण ग्राफाइट व ओल यांच्या संगतीने ॲल्युमिनियम गंजते. पुस्तिकेत सांगितलेले वंगणच थोडके वापरावे.

असे काम पूर्ण झाल्यावर नागरी विमानन महासंचालनालयाचा परवाना असलेला अभियंता नोंदवहीत सही करतो, तेव्हाच विमान उड्डाणास मोकळे होते. या परवान्याच्या अभ्यासक्रमास बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू शकतो. संस्था मान्यताप्राप्त आहे किंवा नाही, याची खात्री शिक्षकांनी महासंचालनालयाच्या यादीवरून करून घ्यावी व मगच पालकांना शुल्क भरण्यास सांगावे.