लोखंडाचा भरवसा किती?

पावसाळा सरून धानाची कापणी सुरू झाली आणि नवेगाव-नागझिऱ्याची प्रवेशद्वारे उघडली, की गोंदिया जिल्ह्याच्या रस्त्यांवर मोटारसायकलस्वारांचे ताफे दिसू लागतात. कोणी नागपूरहून निघतो, कोणी रायपूर-भिलाईहून. कोणाला सालेकशाजवळचा हाजरा धबधबा पाहावयाचा असतो, कोणाला इटियाडोहाचा जलाशय, तर कोणाला नवेगावबांधचे तळे. आपल्या मुलखाचे वैभव पाहण्यासाठी तरुणांनी घराबाहेर पडावे, यासारखी आनंदाची गोष्ट नाही. या प्रवासाला निघणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनाला दोन्ही बाजूंनी पोलादी नळ्यांचे कडे बसविलेले असते. बाजारात त्याला लेग गार्ड म्हणतात, क्रॅश गार्डही म्हणतात. आजचा आमचा विषय हे कडे आहे. विषय लहान वाटेल. परंतु त्याच्याशी माणसाच्या जिवाचा संबंध असल्यामुळे आम्ही तो पहिल्या पानावर घेत आहोत.

पहिला आक्षेप नावाविषयीच घ्यावा लागतो. लेग गार्ड म्हणजे पायाचा रक्षक. हा रक्षक खरोखरच पायाचे रक्षण करतो काय? अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालाचा या कड्यांविषयीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. कड्यामुळे घोट्याच्या व पावलाच्या दुखापती कमी होतात खऱ्या. परंतु मांडी, गुडघा आणि नडगी यांच्या दुखापती तितक्याच वाढतात. म्हणजे एका खिशात टाकलेले दुसऱ्या खिशातून गेले. धडक बसते तेव्हा स्वाराचा पाय कड्याच्या आड शहाण्या मुलासारखा बसून राहत नाही. तो पुढे फेकला जातो, आणि पुष्कळदा त्याच कड्यावर आदळतो.

मग हे कडे निरुपयोगी समजावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. लांबच्या प्रवासाची मोटारसायकल सामानासकट दोनशे किलोंच्या घरात जाते. चिखलात पाय घसरला, स्टँड मऊ मातीत रुतला, अगर वळणावरच्या वाळूत मंद गतीने जाताना तोल गेला, तर ती आडवी होते. अशा वेळी इंजिनाचे आवरण दगडावर आपटून तडकले तर तेल वाहून जाते आणि गाडी जागच्या जागी निकामी होते. देवरीच्या पुढे अगर नागझिऱ्याच्या कडेला, सर्वांत जवळचे गॅरेज कित्येक किलोमीटर दूर असताना, संध्याकाळी ही पाळी यावी हे संकट लहान नव्हे. तेथे हे कडे इंजिन वाचविते, आडव्या झालेल्या गाडीखाली पाय दबण्यापासूनही काहीसे राखते, आणि स्वाराला घरी पोहोचू देते. एवढ्यासाठी ते अवश्य बसवावे. मात्र ते यंत्राचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे, हे ध्यानात ठेवून बसवावे.

बसविण्यातही विवेक हवा. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात नळी वाकवून ती गाडीच्या सांगाड्याला डाग देऊन जोडण्याची पद्धत सर्रास आढळते. ती घातक आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाड्याची नळी त्या जागी कमकुवत होते, आणि कड्यावर बसलेला धक्का सरळ सांगाड्यात उतरतो. गाडीच्या कंपनीने त्याच गाडीसाठी केलेले अगर मान्य केलेले कडे घ्यावे. ते सांगाड्यावरच्या आणि इंजिन धरणाऱ्या ठरावीक बोल्टांच्या जागीच बसते. हे बोल्ट काढताना इंजिनाला खालून आधार द्यावा, एका वेळी एकच बोल्ट सोडावा, आणि सर्व बोल्ट हातांनी लागल्यावर मगच पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. ब्रेकचे पायडल आणि गिअरचा दांडा मोकळा चालतो की नाही ते पाहावे. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत. गाडी एकदा जोरात पडल्यावर वाकलेले कडे ठोकून सरळ करण्यापेक्षा बदललेले बरे. खांद्याइतके रुंद कडे लावून मिरविण्यात तर काहीच अर्थ नाही. ते वळणावर जमिनीला घासते आणि दाटीत दुसऱ्याच्या गाडीत अडकते.

कायद्याचेही या बाबतीत काही म्हणणे आहे. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांवरील क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले, ते मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा आधार घेऊन. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः चारचाकीच्या तोंडावर लावल्या जाणाऱ्या आणि पादचाऱ्याचे हाड मोडणाऱ्या जाड दांड्यांची. तथापि मूळ वाहनात मनास येईल तसा फेरफार करू नये, हे त्यातील तत्त्व दुचाकीस्वारानेही मानावे.

परंतु आमची खरी चिंता बोल्टांची नाही. लोखंड पाहून मनात शिरणाऱ्या निर्धास्तपणाची आहे. हर्ट यांच्याच अहवालानुसार अपघात टाळण्यासाठी स्वाराच्या हाती जेमतेम दोन सेकंद असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते. आता आपले रस्ते डोळ्यांपुढे आणा. हंगामात डांबरावर वाळत घातलेले धान, मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, अंधारात बसलेली गुरे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात एका मोटारीच्या धडकेने वाघ जायबंदी झाला आणि अखेर दगावला. वाघाजागी रानडुक्कर आणि मोटारीजागी मोटारसायकल असती, तर दगावणारा कोण असता, हे सांगावयास नको. तेथे कोणते कडे कामी आले असते?

माणसाच्या रक्षणाची साधने निराळी आहेत. डोक्यावर पट्टा आवळलेले हेल्मेट, पायांत घोटा झाकणारे बूट, चाक अडकू न देणारा ब्रेक, आणि दिवस मावळण्यापूर्वी जंगलाचा रस्ता संपविण्याची शिस्त. यांपैकी शेवटच्या साधनाला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याची किंमत कोणी करीत नाही. शासनाकडेही आमचे मागणे आहे. जंगलातील रस्त्यांवर रात्रीच्या वेगाला आवर घालणारे गतिरोधक व तपासणी हवी, ट्रॉलीला दिवे हवेत, आणि शेतकऱ्याला धान वाळविण्यास रस्त्याऐवजी खळे मिळावयास हवे. केवळ दंड करून तो डांबर सोडणार नाही.

आम्ही शिक्षक असताना सहलीला निघणाऱ्या मुलांच्या पिशव्या तपासीत असू. तहानलाडू-भूकलाडू आहेत की नाहीत एवढेच पाहावयाचे असे. आज तपासावयाची वेळ आली तर आम्ही प्रथम कड्याचे बोल्ट पाहू, मग हेल्मेटचा पट्टा, आणि शेवटी घड्याळ. जंगलाच्या तोंडाशी येईपर्यंत सूर्य कलला असेल, तर त्या रात्री गावातच मुक्काम करावा, हा आमचा तरुण मित्रांना आग्रहाचा सल्ला आहे.