न जुळणाऱ्या हाडांची साठ वर्षं

मधुमेही माणसाचा घोटा मोडला, की प्लास्टर कधी निघेल हे सांगताना अस्थिरोगतज्ज्ञ जरा हात राखूनच बोलतात. हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही.

हाड मुद्दाम घडवून आणता येईल, ही आशा पालवली १९६५ साली. लॉस एंजेलिसमध्ये मार्शल युरिस्ट यांनी हाडातलं कॅल्शियम आम्लाने काढून टाकलं आणि उरलेला भाग प्राण्यांच्या स्नायूत पुरला. जिथे हाडाचं काही काम नाही, तिथे नवं हाड धरलं! ते घडवणारी प्रथिनं म्हणजे ‘बीएमपी’. त्यांची जनुकं १९८८मध्ये हाती आली. मॉस्कोत फ्रिडेनश्टाइन यांनी अस्थिमज्जेतल्या हाड घडवणाऱ्या पेशी त्याआधीच दाखवल्या होत्या. आता काय, हे जनुक टोचलं की हाड जुळलं, असाच नव्वदीतला सूर होता. १९९९मध्ये यकृताच्या विकारावर विषाणूमार्फत जनुक देण्याच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला आणि तो सूर उतरला.

मधुमेह्यांच्या पदरात खरं काही पडलं ते साध्या वाटेने. फ्रान्समध्ये फिलिप एर्निगू यांनी कमरेच्या हाडातून जाड सुईने मज्जा ओढली, यंत्रात फिरवून घट्ट केली आणि न जुळलेल्या घोट्याच्या फटीत सोडली. २०१५च्या त्यांच्या अहवालात अशा ८६ मधुमेह्यांपैकी ७० जणांचं हाड जुळलं. नेहमीसारखं कमरेचं हाड काढून बसवलेल्या ८६ जणांत ५३. जंतुसंसर्गही कमी. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ही चाचणी नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवावं.

दरम्यान मूळ दुखणं कुठे आहे, ते २०१७मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. मधुमेही उंदरांच्या हाडातल्या मूळपेशी मुळात धड होत्या. बिघडला होता तो त्यांचा शेजार. दाह वाढवणाऱ्या टीएनएफ-अल्फामुळे त्यांना जागं करणारा ‘हेजहॉग’ हा संकेत मंदावला होता. बी चांगलं, पण वाफसा नाही. तो संकेत देणारं प्रथिन जेलमधून फ्रॅक्चरवर सोडताच हाड नीट भरून आलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं हेच खरं वळण. नुसत्या पेशी ओतत राहण्यातली मर्यादा इथे कळते.

त्याच वर्षी अमेरिकेत डुकरांच्या नडगीतली मोठी फट बीएमपी-६चं जनुक अल्ट्रासाउंडच्या मदतीने पेशींत घालून सांधली गेली, तीही विषाणूविना. ही डुकरं मात्र मधुमेही नव्हती.