उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल

‘गाडी फारशी चालवलीच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?’ हा हिशेब ब्रेक ऑइलला लागू पडत नाही. गाडी उभी असली तरी ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. आंबेनळी घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले, तर असं ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल खोल जातं, पण जोर चाकांपर्यंत पोहोचतच नाही! बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत हे ऑइल दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. किलोमीटर कितीही झालेले असोत, ती तारीख पाळाच. आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.