पत्रा, कूड आणि भिंतीचा हिशेब

चैत्र सरला की अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात पारा चाळीस अंशांना टेकतो, कधी ओलांडतोही. मुंबईला समुद्राचा वारा मिळतो. चिखलोलीपर्यंत येताना तोही तापलेला असतो. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या घरात बाळंतीण, तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असेल, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. गोठ्यातली म्हैसही उकाड्याने चारा कमी खाते आणि दुधाला घटते.

समजा, भात विकून हाताशी थोडे पैसे आले आहेत. ते भिंत जाड करण्यात घालाल की छपराखाली काही बसवण्यात? याचे उत्तर अंदाजाने देऊ नका. दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि पुढचा हिशेब मांडायला सांगा. भागाकार येत असला म्हणजे पुरे.

प्रत्येक वस्तूतून उष्णता कमीजास्त वेगाने जाते. त्या वेगाचा एक अंक असतो. भारतीय मानक ब्युरोने १९८७ साली काढलेल्या इमारतींच्या पुस्तिकेत असे अंक दिलेले आहेत. ढोबळमानाने लोखंडाचा अंक ६०, सिमेंट काँक्रीटचा १.६, भाजक्या विटेचा ०.८, मातीचा ०.७५, गवताच्या शाकारणीचा ०.०७ आणि भाताच्या तुसाचा ०.०५ धरा. अंक जितका लहान तितकी उष्णता अडते. गवत आणि तूस एवढे का अडवतात? त्यांच्यात हवा कोंडलेली असते आणि स्थिर हवेचा अंक अवघा ०.०२६ आहे. घोंगडी उबदार लागते ती याच कारणाने.

आता जाडी मीटरमध्ये मोजा आणि तिला या अंकाने भागा. येईल तो त्या थराचा ‘रोध’. थर अनेक असतील तर रोधांची बेरीज करा. आतल्या अंगाला चिकटून राहणाऱ्या हवेचाही थोडा रोध असतो. भिंतीसाठी तो ०.१२ आणि छपरासाठी ०.१६ धरून चाला. मग बाहेरचा पृष्ठभाग आणि खोली यांच्या तापमानातला फरक एकूण रोधाने भागायचा आणि चौरस मीटरने गुणायचे. उत्तर वॅटमध्ये येते, म्हणजे विजेच्या शेगडीवर लिहिलेले असते त्याच मापात.

पश्चिमेची भिंत घेऊ. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, म्हणजे ८.४ चौरस मीटर. विटांची जाडी नऊ इंच, म्हणजे ०.२३ मीटर. ०.२३ भागिले ०.८ म्हणजे ०.२९, त्यात ०.१२ मिळवले की ०.४१. भिंतीचे बाहेरचे अंग ४६ अंश आणि खोली ३६ अंश असेल, तर फरक दहाचा. उत्तर येते सुमारे २०५ वॅट.

आता छप्पर. दहा बाय बारा फुटांची खोली, म्हणजे ११ चौरस मीटर. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्यात लोखंड. त्याचा स्वतःचा रोध शून्यच समजा. उरला हवेचा ०.१६. उन्हात पत्रा ६० अंश तापला तर फरक २४ चा, आणि आत येणारी उष्णता १,६५० वॅट! एका भिंतीच्या आठपट. डोक्यावर दीड हजाराची शेगडी पेटवून दुपारी झोपावे तसेच हे. पैसे कुठे घालायचे ते इथेच कळते.

‘आमच्या आजोबांच्या कुडाच्या घरात किती गार वाटायचे!’ असे गावोगाव ऐकू येते. ते खरे आहे, पण त्याचे श्रेय कुडाला देऊ नका. कारवीचा कूड दोन्ही अंगांनी मातीशेणाने लिंपला तरी दोनच इंच भरतो. त्याच मापाच्या भिंतीचा हिशेब केला तर ४५० वॅट येतात, विटेच्या दुपटीहून जास्त. गारवा होता तो वरच्या गवताचा. सहा इंच शाकारणीचा रोध २ च्या वर जातो. त्याच ११ मीटरांतून जेमतेम ११५ वॅट आत येतात. शिवाय पाखे इतके खाली उतरलेले असत की कुडाला ऊन लागतच नसे. कूड काढून विटा लावल्या यात काही बिघडले नाही. गवत काढून उघडा पत्रा टाकला, तिथे बिघडले.

एक गोष्ट मात्र या सूत्रात बसत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, सगळे दगडी. दगडाचा अंक विटेहून मोठा, तरी आत थंड वाटते, कारण एवढा दगड तापायलाच फार वेळ लागतो. विटेची नऊ इंची भिंतही दुपारची उष्णता सहा ते आठ तासांनी आत सोडते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला लागून रात्रीचे अंथरूण नको. स्लॅबच्या घरात रात्री उकडते तेही यामुळेच.

मग करायचे काय? सर्वांत स्वस्त म्हणजे पत्र्यावर पांढरा चुना. पत्रा साठाऐवजी पन्नास अंशांवर राहिला तरी १,६५० चे ९६० वॅट होतात. चुना पावसात धुऊन जातो, तेव्हा तो दर उन्हाळ्याच्या तोंडाशी लावावा लागतो. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते खरवडू नका, फोडू नका. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते.

त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आढे आणि त्यावर दोन इंच तूस. रोध एकदम १.१६ होतो आणि उष्णता सुमारे २३० वॅटवर येते. एका खोलीला सत्तर किलोच्या आसपास तूस लागते. भातगिरणीवर ते मिळते. सुटे पसरू नका, स्वच्छ गोण्यांत पातळ भरून दाटीने मांडा. गोण्यांमध्ये फट राहिली तर उष्णता तिथूनच उतरते.

तूस कोरडे राहिले पाहिजे. पाण्याचा अंक ०.६ आहे, तेव्हा भिजलेले तूस कामातून गेले असे समजा. मृगाच्या आधी पत्र्याची भोके डांबराने बुजवून घ्या. वीतभर जागेची दोन्ही टोके वाऱ्यासाठी उघडी ठेवा, पण उंदरांसाठी बारीक जाळी मारा. चुलीच्या वर आणि विजेच्या तारांजवळ तूस अजिबात नको. स्वयंपाकघराला चुन्यावरच भागवा.